काळी रेघ आधी जाते

काही वर्षांपूर्वी एका मे महिन्यात मोठाईनं माळ्यावरची जुनी वाकळ, म्हणजे गोधडी, उसवायला काढली. आमच्याकडे उन्हाळ्यात हे काम निघतंच, कापूस विकून झालेला असतो, तूर-चणा घरात आलेला असतो, पेरणीला अजून वेळ असतो आणि दुपारच्या उन्हात बाहेर कुठं जाणं नाही, मग ओसरीवर बसून बाया वाकळी उसवतात, धुतात, वरून एखादं लुगडं लावून परत टाके घालतात. ही वाकळ आजीच्या हातची. वरचे दोन थर आईच्या जुन्या साड्यांचे, त्याखाली आजोबांची धोतरं, आणि एकदम आतून एका छापील जाजमाचा तुकडा निघाला. आधी लग्नात पाहुणे बसायला अंथरायचे ना, तसलं जाजम, लाल फुलं आणि फुलाभोवती काळी रेघ.

मी तो तुकडा दारातल्या उजेडात धरला आणि पाहतच राहिले. लाल फुलं शाबूत होती, फिकी पडली होती पण होती. काळी रेघ मात्र जिथं जिथं होती तिथं कापडच नव्हतं. बारीक बारीक चिरा. उजेडासमोर धरलं की प्रत्येक फुलाच्या कडेनं ऊन दिसत होतं, म्हणजे कधीकाळी कुणी रंगाऱ्यानं जी रेघ काळ्यानं मारली तीच आता उन्हाची झाली होती.

मोठाई म्हणाली, "काया रंग कापड खाते पोरी. आमची बुढी म्हने, कायं अंथरून आधी फाटते."

ती बरोबरच बोलली. जुन्या छपाईतला काळा म्हणजे खरं तर लोखंड. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवतात, हिरड्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, त्याच्यावर गंजल्या लोखंडाच्या पाण्यानं ठसा मारला की दोघं मिळून काळाभोर रंग होतो, जुन्या काळी दौतीतली शाई पण याच तत्त्वावर बनायची. पण ते लोखंड सुतात बसून राहतं आणि हवा, ओल यांच्या संगतीनं वर्षानुवर्षं सुताला आतून कुरतडतं. सूत ठिसूळ होतं आणि एक दिवस धुताना तिथूनच जातं. लाल रंगाला तुरटी लागते, तुरटी कापसाच्या सुताला एवढा त्रास देत नाही, म्हणून फुलं राहिली. हे सगळं मी शिकलेले होते, परीक्षेत लिहून मार्क पण घेतले होते, पण आजीच्या वाकळीत ते असं हातात येईपर्यंत मला ते कळलंच नव्हतं असं आता वाटतं.

कापडावर छापायची डिझाइन काढणं हे माझं काम, आणि त्या दिवसापासून डिझाइन करायला बसले की मी शेवटून विचार करते. हे कापड वाकळीच्या आतल्या थरात जाईल तेव्हा याचं काय उरलेलं असेल, तिथून सुरुवात.

थोडं माझ्याबद्दल सांगते म्हणजे पुढचं नीट लागेल. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातलं, बाजारहाट हिंगणघाटला. नागपूरला टेक्स्टाइल डिझाइनचा डिप्लोमा केला, मग सुरतेत एका प्रिंट मिलच्या डिझाइन खात्यात तीन वर्षं नोकरी. तिथं दिवसाला सहा-सात डिझाइन काढायची. रोटरी स्क्रीन म्हणजे कापडावर फिरत छापणारी जाळीची नळी, तिचा घेर बहुतेक ठिकाणी ६४ सेंटीमीटर असतो, म्हणजे काहीही काढा, ते ६४ मध्ये किंवा ६४ ला भाग जाईल अशा मापात परत परत आलं पाहिजे, नाहीतर जोड दिसतो. हे गणित मला आवडायचं, खरंच. बाकीचं नाही. वरचे लोक मोबाईलवर दुसऱ्या कुणाच्या कापडाचा फोटो दाखवायचे, यात थोडा बदल करून दे म्हणायचे, फुलाची पाकळी फिरव, रंग बदल, झालं नवीन डिझाइन. ते पॉलिस्टरवर छापून जायचं आणि दोन महिन्यांनी ते डिझाइन जुनं. तीन वर्षांत हजारावर डिझाइन काढली असतील, त्यातलं एक पण आज डोळ्यासमोर येत नाही आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण ती तीन वर्षं माझ्या हाताची होती.

स्लो फॅशन, म्हणजे थोडे पण टिकणारे कपडे सावकाश बनवायचे, हा शब्द केट फ्लेचर या इंग्लंडमधल्या संशोधक बाईंनी २००७ साली चालवला. आम्हाला कॉलेजात हे शिकवायला घेतलं त्याच वर्षी, २०१३ च्या एप्रिलमध्ये, बांगलादेशात राणा प्लाझाची इमारत कोसळली, आत कपडे शिवणारी ११०० च्या वर माणसं गेली. वर्गात कुणी बोललं नव्हतं त्या दिवशी. तरी पण मी पुढं सुरतेला गेलेच, नोकरी लागत होती ना.

परत आले ते घरच्या कारणानं, पण राहिले ते कापडासाठी. आमच्या भागातला कापूस एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारात 'हिंगणघाट' याच नावानं विकला जायचा, एवढं त्या धाग्याचं नाव होतं. आज आमच्याच वावरातला कापूस जिनिंगला जातो, गाठी होऊन बाहेर जातो, आणि बाजारात आमच्या बाया घेतात ती साडी पॉलिस्टरची, दोनशे-अडीचशेला मिळणारी. त्यांना मी दोष देत नाही, मजुरीच्या पैशात तेच बसतं. पण मोठाई सांगते की या साड्या वाकळीत चालत नाहीत, टाका धरत नाहीत, सरकतात, ओलावा ओढत नाहीत, लहान लेकरू त्याच्यावर झोपलं की घामानं भिजतं. म्हणजे तो कपडा एकदा जुना झाला की त्याला पुढचा जन्मच नाही. उकिरड्यावर जातो नाहीतर बांधावर जाळतात.

लुगड्याला किती जन्म असायचे ते मी मोठाईकडून लिहून घेतलंय. नवं असताना सणाला. मग रोजचं. मग मधल्या भागात विरलं की दांड घालायचा, म्हणजे विरलेला भाग कापून टाकायचा आणि चांगले दोन तुकडे जोडून एक लुगडं करायचं, ते वावरात नेसायला. मग त्याचीच कापूस वेचायची ओटी. मग बाळाचं दुपटं, झोळी. मग वाकळ. वाकळीतून उरलेल्या चिंध्यांचं पोतेरं. एक दांड घातलेलं लुगडं तिनं मला दाखवलं पण, जोड कुठं आहे ते मला शोधावं लागलं कारण चौकडी चौकडीला लावून शिवलं होतं.

तर प्रिंट डिझाइन करणाऱ्यासाठी यात सगळं आलं. कापड कुठंही कापलं, कुठंही जोडलं, उलटं लावलं, ठिगळ म्हणून वापरलं, तरी ते चांगलं दिसलं पाहिजे. हे बोलायला सोपं आहे, करायला मला दोन वर्षं लागली आणि पहिल्या खेपेला मी पुरती चुकले.

पहिलं डिझाइन मी पळसाचं केलं होतं. आमच्याकडे होळीच्या आधी पळस असा फुलतो की पानं नाही काही नाही, झाडच पेटल्यासारखं. मला वाटलं आपल्या मातीतलं प्रिंट म्हणजे पळसच पाहिजे. नऊ इंच उंचीचा पळसाचा झुबका काढला, सगळी फुलं वर तोंड करून. कागदावर फार सुंदर दिसत होतं. कापड छापून शिंपीकाकांकडे नेलं तर त्यांनी टेबलावर पसरलं, हात फिरवला आणि म्हणाले, "फुलं समदी वरतं पाहून राह्यली पोरी, मले एक बी तुकडा फिरवता येत नाही." माझ्या मापाच्या कुर्त्याला अडीच मीटर लागतं तिथं पावणेतीन मीटरच्या वर गेलं. कारण साधं आहे, प्रिंटला एकच दिशा असली की पुढचा भाग, मागचा भाग, दोन्ही बाह्या सगळे एकाच दिशेनं कापावे लागतात, बाही उलटी करून मधल्या जागेत बसवता येत नाही. त्यात झुबका छातीवर अर्धा येऊ नये म्हणून परत सरकवायचं. कतरण एवढी निघाली की पिशवी भरली. आणि त्या कतरणीचे तुकडे तरी कामाचे का, तर नाही, कारण नऊ इंची झुबक्याचा चार बोटांचा तुकडा कापला की तो नुसता एक डाग दिसतो, काय आहे कळतच नाही.

रंग पण मी पळसाच्याच फुलांचा वापरला होता. फुलं वेचून उकळून, तुरटी घालून, सुंदर पिवळा निघतो, पाहून जीव हरखतो. पण पळसाचा रंग उन्हाला टिकत नाही, करडईच्या फुलाच्या गुलाबीसारखाच तो. रंगपंचमीला एक दिवस खेळायला आहे तो रंग. ज्या ताईंनी कुर्ता घेतला होता त्यांनी तीन महिन्यांनी फोटो पाठवला, खांदे वाळल्या गवतासारखे झाले होते. त्या काही वाईट बोलल्या नाहीत पण मला रात्री झोप आली नाही. कुर्ता परत मागवला, डाळिंबाच्या सालीत परत रंगवून पाठवला. डाळिंबाची साल चांगली धरते, तिच्यातच टॅनिन असतं.

त्यानंतर सहा-आठ महिने मी छापलंच नाही काही. नुसती जुनी कापडं पाहत फिरले. वर्ध्याला मगन संग्रहालयात जाऊन बसायचे, १९३८ साली गांधीजींच्या हातानं उघडलेलं ते, तिथं खादी आणि नैसर्गिक रंगाचं काम पाहायला मिळतं. राजस्थानात बगरू म्हणून ठशांच्या छपाईचं गाव आहे, तिथं तीन महिने राहून आले. आमच्या तालुक्यात रंगारी आडनावाची घरं आहेत, भावसार पण आहेत, सगळी मंडळी पूर्वीची रंगवणारी छापणारी, पण आता कुणी दुकान चालवतं, कुणी शिक्षक आहे, कुणाच्या घरी एक पण ठसा उरला नाही. एका आजोबांना एवढंच आठवत होतं की आलाच्या मुळ्या कुटायचा आवाज यायचा. आल म्हणजे बारतोंडी, तिच्या मुळ्यांतून लाल निघतो. १८६८ साली जर्मनीत ग्रेबे आणि लिबरमान या दोघांनी मॅडरच्या, म्हणजे आपल्या मंजिष्ठा वेलीच्या युरोपातल्या भावकीच्या, मुळ्यांतला लाल, अलिझरिन, प्रयोगशाळेत बनवला आणि थोड्याच वर्षांत कारखान्याचा लाल एवढा स्वस्त झाला की इकडं आल आणि तिकडं फ्रान्समधली मॅडरची शेती दोन्ही बसली. आज नैसर्गिक म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल छपाईत पण पुष्कळदा हा कारखान्याचा अलिझरिनच असतो. त्यात लगेच फसवणूक आहे असं नाही, रंग पक्का असतो, पण सांगून विकावं. मी मंजिष्ठाच्या मुळ्या वापरते आणि ज्या खेपेला अलिझरिन वापरला त्या खेपेच्या चिठ्ठीवर तसं लिहिते.

मग सरकी बुटी सुचली. एक दिवस आई जिनिंगवरून आणलेली सरकी म्हशीपुढं टाकत होती आणि काही दाणे ओट्यावर सांडले होते. सरकीचा दाणा नीट पाहिलाय का कधी? एका बाजूनं टोकदार, दुसरीकडं गोल, अंगाला बारीक लव राहिलेली. सांडलेले दाणे कुणी इकडं तोंड करून, कुणी तिकडं. वर खाली असं काही नव्हतंच. मी तिथंच वहीत काढलं. एक दाणा म्हणजे बोटाच्या पेरापेक्षा लहान, चार इंच चौरसाच्या ठशात अकरा दाणे, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. कापड उलटं करा, आडवं करा, तसंच दिसतं. शिंपीकाकांना नमुना दाखवला तर त्यांनी बाह्या डोकं-पाय करून बसवल्या आणि तोच कुर्ता सव्वादोन मीटरमध्ये काढला. पळसाच्या मानानं प्रत्येक कुर्त्यामागे अर्धा मीटर वाचलं. कारखान्यात लोक कापड वाचवायला कॉम्प्युटरवर कटिंगचे नकाशे मांडतात, पण डिझाइन करणाऱ्यानं आधीच दाण्यांची तोंडं फिरवली तर तिथंच अर्धं काम होतं. आणि सगळ्यात लहान कतरण, दोन बोटांची, तिच्यात पण एक तरी अख्खा दाणा येतो. ठिगळ लावलं तर ठिगळ वाटत नाही.

जोड लपवायला अजून एक केलं. ठशाच्या कडेचे दाणे मी कडेवर अर्धे कापलेत, शेजारच्या ठशाबरोबर ते पूर्ण होतात. त्यामुळं चौकोन चौकोन दिसत नाही. छापताना हात अर्ध्या सुताएवढा हलला तर दाणा थोडा जाड किंवा बारीक होतो, बस. सरकी कुठं सगळी सारखी असते.

ठसे मी गुजरातमध्ये पेथापूरहून करून आणते, सागवानाचे. आमच्याच विदर्भातलं आलापल्लीचं सागवान नावाजलेलं आहे, म्हणून गावच्या सुतारदादांकडून एक ठसा कोरून पाहिला, त्यांनी मन लावून केला पण बारीक कोरीव कामाची हत्यारं त्यांच्याकडं नाहीत, जाड रेघेचा काठ तेवढा चांगला झाला, तो मी अजून वापरते. नवा ठसा आला की आठ-दहा दिवस तेलात ठेवायचा, नाहीतर पाणी पिऊन तडकतो. चार इंची ठसा का, मोठा का नाही, हे पुष्कळ जण विचारतात. मोठा ठसा जड होतो, हाताखाली सगळीकडून सारखा दाब बसत नाही, मधला भाग फिका येतो. साडेपाच मीटरची साडी चार इंची ठशानं छापायची म्हणजे जवळपास ६०० वेळा ठसा उचलून ठेवायचा, एका रंगाला. दोन रंग असले की १२००. हे आकडे मी गिऱ्हाईकाला सांगते, किमतीवर बोलणं होण्याच्या आधीच सांगते.

आता काळा. सोडून द्यायचा का हा प्रश्न त्या जाजमानंतर माझ्यासमोर होताच. पण काळ्याशिवाय लालाला ताकद येत नाही, सरकीच्या लवेला एक बारीक रेघ पाहिजेच होती. तर मी एवढं ठरवलं की काळा फक्त रेघेत, भराव कधी नाही, आणि रेघ पण सलग नाही, तुटक तुटक. जाजमावरची रेघ सलग होती म्हणून ती जिथं फाटली तिथून आख्खं फूल सुटून आलं. माझी रेघ उद्या विरली तर बारीक भोकं पडतील, तुकडा निघून येणार नाही. आणि लोखंडासाठी हिराकस, म्हणजे बाजारात मिळणारा लोखंडाचा क्षार, वापरायचं नाही, ते झटपट होतं पण सुताला जास्त जाचतं. गुळाचं पाणीच करायचं.

ते असं. घरात गंजलेलं लोखंड भरपूर, वखराची मोडकी पास, बैलाचे नाल, जुने खिळे. पाच किलो लोखंड, एक किलो काळा गूळ, दहा लिटर पाणी, माठात घालून तोंडाला फडकं बांधायचं आणि सावलीत ठेवून द्यायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फेस येतो, वास सुटतो, आंबूस, थोडा रक्तासारखा. आई म्हणते हा माठ स्वयंपाकघराच्या बाजूनं नको, म्हणून गोठ्यात ठेवते. उन्हाळ्यात पंधरा दिवस, हिवाळ्यात वीसच्या वर. फेस बसला, पाणी गढूळ काळपट झालं की गाळायचं, चिंचोक्याचं पीठ घालून मंद आचेवर शिजवायचं, हलवत राहायचं नाहीतर बुडाला लागतं. ठशावरून ओघळू नये एवढं दाट. चूल आम्ही तुराट्या आणि पऱ्हाट्यांवर पेटवतो, त्या नाहीतरी वावरात पेटवून देतात लोक.

लालाचं उलटं आहे, तिथं ठसा मारताना रंग नसतोच. तुरटीचं पाणी डिंकात दाट करून मारतो, ते दिसत नाही म्हणून त्यात चिमूटभर गेरू. छापून चार-पाच दिवस तसंच ठेवायचं, मग वाहत्या पाण्यात धुवायचं म्हणजे जास्तीची तुरटी जाते, आणि मग मंजिष्ठाच्या उकळत्या पाण्यात कापड सोडायचं, सोबत धायटीची फुलं म्हणजे डाग डाग येत नाहीत. आधी काहीच होत नाही. पाणी कोमट, कापड नुसतं पिवळसर. पाणी तापत जातं तसा एकेक दाणा वर येतो, आधी फिका शेंदरी, मग विटकरी, मग लाल, आणि जिथं तुरटी नाही तिथं कापड जवळपास तसंच. मी हे किती वेळा पाहिलंय, तरी बाई चुलीवरून हलत नाही म्हणून आई ओरडते.

पाण्यानं मात्र छळलं. सुरुवातीला बोअरच्या पाण्यात सगळं करायचे आणि लाल काही केल्या उजळ यायचा नाही, तपकिरी मळकट यायचा. मंजिष्ठा बदलली, तुरटी बदलली, काही फरक नाही. शेवटी एका दुपारी ग्लासभर बोअरच्या पाण्यात हिरड्याची चिमूट टाकली आणि पाच मिनिटांत पाणी काळपट निळसर झालं. पाण्यातच लोखंड होतं, म्हणजे मी नकळत सगळं कापड थोडं थोडं काळ्यात बुडवत होते. कच्छमधले अजरख, म्हणजे तिकडची ठशांची लाल-निळी छपाई, करणारे बरेच जण २००१ च्या भूकंपानंतर धमडका सोडून अजरखपूरला गेले, नवं गावच वसवलं, कारण भूकंपानंतर जुन्या गावच्या पाण्यात लोखंड वाढलं आणि रंग बिघडायला लागला. ते मी कॉलेजात ऐकलं होतं आणि फार दूरचं वाटलं होतं. आता लालासाठी मी छतावरून साठवलेलं पावसाचं पाणी वापरते आणि ते संपलं की जुन्या विहिरीचं. त्यामुळं लाल मर्यादित निघतो. ऑर्डर आली म्हणून जास्तीचा लाल काढता येत नाही. स्लो हा शब्द माझ्यासाठी तिथं आहे, त्या टाकीच्या पातळीत.

विदर्भात छापण्यापेक्षा विणण्याचं नाव मोठं, करवत काठी म्हणून कोशाचं लुगडं असतं, काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, त्याला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी नोंद, पण मिळालंय. दोन-तीन जणांनी मला सांगितलं की तो करवती काठ सुती कापडावर छाप, खूप चालेल. चालेल, माहीत आहे. पण तो काठ विणायला माणूस तीन धोट्यांशी झगडत बसतो, आणि मी तो ठशानं छापून चौथ्या हिश्श्याच्या किमतीत विकला तर त्याच्या ताटातलं ओढल्यासारखं होईल. नाही छापला, छापणार पण नाही.

कारण हे माझ्यासोबत झालंय. मागच्या वर्षी एका शहरातल्या दुकानानं माझ्याकडून दोन मीटर सरकी बुटी नमुना म्हणून नेली आणि दिवाळीला त्यांच्याकडं तेच प्रिंट स्क्रीनवर छापलेलं, हँड ब्लॉक म्हणून लटकलेलं. मैत्रिणीनं फोटो पाठवला. हातानं छापल्यासारखं वाटावं म्हणून त्यांनी मुद्दाम रेघ थोडी सरकवलेली, एक दाणा पुसट ठेवलेला. पण तो पुसट दाणा प्रत्येक रिपीटमध्ये त्याच जागी, तेवढाच पुसट. हाताची चूक एका जागी दोनदा होत नाही. तुम्ही घ्यायला गेलात तर हेच पाहा, एक चूक शोधा आणि मग हातभर पुढं त्याच जागी तीच चूक आहे का ते पाहा. आणि कापड उलटून पाहा, नैसर्गिक रंगाची छपाई सुतात उतरते, मागून पण दिसते. पिगमेंटची, म्हणजे कारखान्याच्या रंगपुडीची, छपाई बाइंडर नावाच्या चिकट द्रव्यानं वर चिकटवलेली असते, हाताला थोडी जाड लागते आणि मागं फारशी जात नाही. मी खूप रडले त्या दिवशी. काय करणार, भांडायला ना पैसा ना कागद.

परवा शेजारची वहिनी आली होती. तिच्याकडं माझी अगदी पहिल्या खेपेतली सरकीची ओढणी आहे, चार वर्षांपूर्वीची, तिनं ती बाजाराला, वावरात, सगळीकडं वापरली, कापूस वेचताना कमरेला बांधली. मधून विरली म्हणून ती दोन तुकडे जोडायला घेऊन आली होती, सुनेचं बाळंतपण आहे दिवाळीत, तर म्हणे दुपटं करते. "तुह्याकडं थोडी कतरन असन तं दे वं, काठाले लावतो." मी कतरण काढून दिली आणि ती ओढणी आधी दारात नेऊन उजेडासमोर धरली. लाल उतरलाय, आता पिकल्या बोरासारखा झालाय, मला तो नव्यापेक्षा आवडला. हिरड्याचा पिवळा गेला, कापड दुधाळ झालंय. काळ्या रेघेच्या तुकड्यांपाशी बोट फिरवलं, नखानं ताणून पाहिलं. दोन ठिकाणी सूत पातळ झालंय, तेही ओटीच्या गाठीपाशी, बाकी शाबूत.

ते वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट. वहिनीनं जोड घातला तो कुठून घातला ते तिलाच दाखवावं लागलं, मला सापडला नाही. पुढच्या ठशात लवेची रेघ अजून थोडी बारीक करायची आहे, पेथापूरला तसा नमुना काढून पाठवतेय. आता पावसाळा आहे, छपाई बंद, कापड वाळत नाही. टाकी मात्र अर्धी भरली.